घडाच्या जागी बाळ्या : याला हवामान बदल म्हणायचं का नुसता लहरीपणा?

बाणगंगाकाठ (धागाकर्ता)
३ नोव्हेंबर २०२५, रात्री १०.४२

नमस्कार मंडळी. इथं बरीच वर्षं नुसता वाचतो, लिहायची ही पहिलीच वेळ, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

निफाड तालुक्यात पावणेतीन एकर थॉमसन द्राक्षाची बाग आहे. १२ ऑक्टोबरला गोडी छाटणी केली, पेस्टिंग (काडीवरचे डोळे म्हणजे कळ्या फुटाव्यात म्हणून औषध लावणं) केलं, आज २२ दिवस झाले. फुटी अशा जोरात निघाल्यात की रस्त्यानं जाणारा म्हणेल काय बाग आहे. जवळ जाऊन बघितलं तर घडच नाही. जिथं घड पाहिजे तिथं बाळी, म्हणजे वेल आधाराला गुंडाळते तो नुसता तंतू. एका झाडावर पस्तीस-चाळीस काड्या आणि त्यात मोजून सात-आठ घड, ते पण बोटाएवढे. शेजारच्या दोन बागा तशाच. एकानं तर परवा जेसीबी बोलावला आणि कुऱ्हाड सुद्धा न लावता बाग आडवी केली, मका पेरणार म्हणतो.

आमचे आप्पा (वडील) १९८७ पासून वही लिहितात. छाटणी कधी, पाऊस कधी, फवारण्या किती. १९९४ च्या पानावर छाटणी ते काढणी २८ फवारण्या लिहिल्यात. गेल्या सीझनला मी स्वतः ५९ लिहिल्यात. आप्पा म्हणतात निसर्ग लहरीच असतो, आम्ही पण बघितलंय. पुण्याचा पुतण्या म्हणतो काका हे क्लायमेट चेंज आहे. मला दोन गोष्टी विचारायच्यात, एक म्हणजे खरं कोण, आणि दुसरं, प्लास्टिक कव्हरचं एकरी साडेचार लाखाचं कोटेशन आलंय ते घेऊ का बाग तोडू.

---

पोंगा_स्टेज
३ नोव्हेंबर, रात्री ११.१५

भाऊ वाईट वाटलं वाचून. मी कृषी पदवीधर आहे, दिंडोरी-निफाड पट्ट्यात सल्ल्याचं काम करतो. यंदा रोज असे दहा फोन येतात.

दोन प्रश्न. खरड छाटणी किती तारखेची? आणि गोडी छाटणीआधी डोळे तपासून (आत घड आहे का ते) घेतले होते का?

---

बाणगंगाकाठ
३ नोव्हेंबर, रात्री ११.३१

९ एप्रिल. डोळे तपासले नाही. पंचवीस वर्षात कधी गरज पडली नाही म्हणून तीनशे रुपये वाचवले, आता काय बोलणार.

---

पोंगा_स्टेज
४ नोव्हेंबर, सकाळी ७.०५

मग ऐका. तुमचा घड ऑक्टोबरमध्ये गेलेला नाही, तो मे महिन्यातच गेला. तुम्हाला कळलं आत्ता एवढंच.

जे द्राक्षवाले नाहीत त्यांच्यासाठी थोडं सविस्तर. आपल्याकडे वेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते, एप्रिलला खरड छाटणी काडी तयार करायला आणि ऑक्टोबरला गोडी छाटणी फळासाठी. पण ऑक्टोबरमध्ये दिसणारा घड डोळ्याच्या आत सूक्ष्म रूपात तयार होतो तो खरड छाटणीनंतर साधारण ४० ते ६० दिवसात. त्या काळात डोळ्यावर कडक ऊन पाहिजे, पानांनी अन्न करून काडीत साठवलं पाहिजे. घड आणि बाळी ही मुळात एकाच गाठीतून निघणारी भावंडं. ऊन आणि अन्न मिळालं तर घड, नाही मिळालं आणि नुसती हिरवी वाढ चालू राहिली तर तीच गाठ बाळीत जाते.

९ एप्रिल अधिक ४० म्हणजे १९ मे. साठावा दिवस ८ जून. आता आठवा यंदाचा मे. पहिल्याच आठवड्यापासून वळीव सुरू झाला तो थांबलाच नाही, २४ मे ला मान्सून केरळात आणि २६ ला मुंबईत, मुंबईच्या नोंदीतला सगळ्यात लवकरचा. तुमच्या डोळ्यांना ज्या वीस दिवसात ऊन पाहिजे होतं नेमके ते वीस दिवस आभाळ. सिक्स बीए, युरासिल असली घडासाठीची औषधं काही मारा, सूर्याचं काम बाटलीनं होत नसतं.

---

सडेतोड_सिन्नर
४ नोव्हेंबर, सकाळी ९.२०

आला का क्लायमेट चेंज! आता घरातलं दूध नासलं तरी क्लायमेट चेंज. अहो १९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा कुठं होतं हे? आमच्या आजोबांनी मिलो (दुष्काळातली परदेशी ज्वारी) खाल्लाय. आणि दर हिवाळ्यात कुंदेवाडीच्या गहू केंद्रावर पारा चार-पाच अंशांवर उतरतो त्याचे फोटो तुम्हीच फॉरवर्ड करता, दवबिंदू गोठले म्हणून. म्हणे पृथ्वी तापतेय. हवेत कार्बन डायऑक्साईड किती, ०.०४ टक्के. एवढ्याशानं पृथ्वी तापते यावर माझा तरी विश्वास नाही.

---

गंमतजंमत
४ नोव्हेंबर, सकाळी ९.३३

मिसळ घेऊन बसलोय. चालू द्या.

---

मृगजळ
४ नोव्हेंबर, दुपारी २.१०

सडेतोड काका, मी फिजिक्स शिकवते, रिकामा तास आहे म्हणून लिहिते. ०.०४ टक्केवाला मुद्दा निदान द्राक्षवाल्यांपुढे तरी काढू नका हो. हे लोक पीपीएममध्येच (दहा लाखात किती भाग) जगतात. थॉमसनचा घड जीएमध्ये (जिबरेलिक ॲसिड, मणी फुगवायचं संजीवक) बुडवतात तेव्हा ते द्रावण किती असतं, ४० पीपीएमच्या आसपास. तेवढ्यानं मणी फुगतो की नाही? हवेत कार्बन डायऑक्साईड ४२० पीपीएमच्या वर गेलाय. कारखानदारी सुरू व्हायच्या आधी तो २८० होता. १९५८ ला हवाईतल्या मौना लोआ डोंगरावर चार्ल्स कीलिंगनं रोज मोजायला घेतलं तेव्हा ३१५. तेव्हापासून आलेख वरच चाललाय, प्रश्न टक्का किती हा नाहीच, तो वायू करतो काय हा आहे.

आणि करतो काय ते बाणगंगाकाठ भाऊंना माझ्यापेक्षा जास्त माहितीये. जानेवारीत बागेत शेकोट्या कधी पेटवता? आभाळ निरभ्र असेल त्या रात्री. ढग आले की तुम्ही निवांत झोपता, मणी तडकायची भीती नाही. का? दिवसभर तापलेली जमीन रात्री उष्णता वर सोडते, डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांच्या रूपात. आकाश मोकळं असलं की ती निघून जाते, ढग असले की त्यातली बरीच ढग शोषतात आणि परत खाली पाठवतात. कार्बन डायऑक्साईड हेच करतो, फरक एवढाच की हा ढग दिसत नाही आणि सकाळी विरत पण नाही, शेकडो वर्षं राहतो. हे काही कालचं संशोधन नाही. युनिस फूट बाईंनी १८५६ ला काचेच्या नळ्यांत वायू भरून उन्हात ठेवून बघितलं, टिंडालनं १८५९ ला उष्णता कोणते वायू अडवतात ते मोजलं, अर्‍हेनियसनं १८९६ ला कागदावर हिशोब मांडला.

कुंदेवाडीचं म्हणाल तर थंडी बंद होणार असं कुणी म्हटलंच नव्हतं. उत्तरेकडून कोरडं वारं आलं, आकाश निरभ्र झालं की पारा उतरणारच. १९०१ ते २०१८ मध्ये भारताचं सरासरी तापमान साधारण ०.७ अंशानं वाढलं असं सरकारच्याच भूविज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालात आहे. सरासरी वाढते म्हणजे प्रत्येक रात्र उकडते असं नाही.

---

सडेतोड_सिन्नर
४ नोव्हेंबर, दुपारी ४.४५

जीएचं उदाहरण आवडलं, हे मान्य. पण हा वायू माणसानंच सोडला कशावरून? ज्वालामुखी आहेत, सूर्य कमीजास्त तापतो.

---

मृगजळ
४ नोव्हेंबर, रात्री ८.३०

ज्वालामुखींचा मिळून सगळा वायू माणसाच्या धुराच्या एक टक्का पण भरत नाही. आणि कोळसा-पेट्रोलातल्या कार्बनची ओळख पटते. लाखो वर्षं जमिनीखाली राहिल्यानं त्यात कार्बन-१४ उरलेला नसतो, वर कार्बन-१३ पण कमी. हवेतल्या कार्बनमध्ये नेमका हाच बदल होत चाललाय. चोरीच्या कांद्यावर गोणीचा शिक्का सापडावा तसं.

सूर्याचं म्हणाल तर १९७८ पासून उपग्रह त्याचं तेज मोजतायत, त्यात चढ नाही. शिवाय सूर्यच जबाबदार असता तर वातावरण खालपासून वरपर्यंत सगळं तापलं असतं. प्रत्यक्षात खालचा थर तापतोय आणि वरचा स्ट्रॅटोस्फियर थंड होतोय. गोधडी आत गरम आणि बाहेरून गार, तसं.

---

लासलगावची_लेक
४ नोव्हेंबर, रात्री ९.१२

द्राक्षवाल्यांचं निदान पेपरात तरी येतं. आमचा उन्हाळ कांदा मे मध्ये वावरातच भिजला, काही काढून पातीखाली झाकलेला, काही काढायचा बाकी. भिजलेला माल कांदाचाळीत टाकला तर काय होतं ते विचारू नका, ऑगस्टमध्ये चाळ उघडली तर खालून पाणी गळत होतं आणि वास गल्लीपर्यंत. उरलेल्याला कोंब. आणि टीव्हीवाले भाव वाढला की लगेच गृहिणींचे डोळे पाणावले म्हणून दाखवतात, चाळीपुढं बसलेल्या बाईचे डोळे कोण दाखवतं.

---

गंगेवरचा
५ नोव्हेंबर, सकाळी ६.५०

मी पंचवटीतला, वय ७१. आमच्याकडे पुराचं मोजमाप म्हणजे गोदावरीच्या (आमची गंगा) पात्रातला दुतोंड्या मारुती. पायाला पाणी, कमरेला पाणी, गळ्याला पाणी, मारुती बुडाला. नारोशंकराच्या देवळातल्या घंटेला पाणी लागलं की मग गावभर चर्चा. १९६९ चा पूर मी बघितलाय, १५ वर्षांचा होतो. नंतर कित्येक वर्षं असलं काही नाही आणि मग २००८, २०१६, २०१९. २०१६ च्या २ ऑगस्टला सकाळी मारुती दिसेनासा झाला, भांडीबाजार, सराफबाजार पाण्यात.

पण मला एक सांगायचंय. सगळं खापर हवामानावर फोडू नका. गंगेच्या पात्रात काँक्रीट कुणी ओतलं? नाल्यांवर इमारती कुणी बांधल्या? पूर्वी पडलेला पाऊस मुरायचा, आता घसरगुंडीवरून यावा तसा थेट रामकुंडावर येतो. वर गंगापूर धरणातून सोडलेलं पाणी. आणि आता कुंभमेळ्याच्या नावानं तपोवनातल्या झाडांवर खुणा. आमच्या लहानपणी नाशकात मे महिन्यात सुद्धा रात्री गच्चीवर गोधडी लागायची. त्यातलं किती पृथ्वी तापल्यानं गेलं आणि किती आपणच झाडं तोडून घालवलं?

---

मृगजळ
५ नोव्हेंबर, दुपारी १.४०

आजोबा, एकदम बरोबर, दोन्ही गोष्टी एकत्र होतायत. गरम हवा जास्त वाफ धरते, एका अंशाला साधारण ७ टक्के. म्हणजे ढगाची टाकी मोठी झाली आणि तुम्ही म्हणता तसं खालचं अंगण सिमेंटचं झालं.

पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेचे रॉक्सी मॅथ्यू कोल यांच्या गटाचा २०१७ चा अभ्यास आहे. मध्य भारताच्या पट्ट्यात १९५० ते २०१५ मध्ये मोठ्या क्षेत्रावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या, आणि त्याच काळात मान्सूनचा एकूण पाऊस मात्र कमी होत गेला. अरबी समुद्र तापल्यानं तिकडून येणारी वाफ कधी कमी कधी एकदम लोंढ्यानं येते. २०१९ ला त्या समुद्रात पाच चक्रीवादळं झाली, त्यातलं क्यार आणि महा आठवत असेल.

---

बाणगंगाकाठ
५ नोव्हेंबर, दुपारी १.५८

क्यार आणि महा कसं विसरणार. २०१९ ची दिवाळी. पोंगा (नुकतीच निघालेली फूट) आणि फुलोऱ्यात बाग, दोन आठवडे पाऊस, डावणीनं (बुरशीच्या रोगानं) घड काळे. २०१७ च्या डिसेंबरात ओखी वादळ. २०२३ च्या २६ नोव्हेंबरला गारा. वहीत आप्पांनी त्या दिवशी एकच शब्द लिहिलाय, "गारपीट", पुढं पान कोरं.

---

पोंगा_स्टेज
५ नोव्हेंबर, दुपारी ३.२५

गारपिटीबाबत थोडं जपून बोललेलं बरं. तापमानवाढीनं अतिवृष्टी वाढते हे पक्कं आहे, गारा वाढल्या की नाही याचा पुरावा अजून कच्चा आहे. सगळंच एका दोरीत ओवलं की सडेतोड काकांसारख्यांना आयतं कोलीत मिळतं. (काका, हलकं घ्या.)

---

पाड्यावरचा_मास्तर
५ नोव्हेंबर, रात्री १०.०५

सुरगाण्याकडे शाळेवर आहे. इथं पाऊस एवढा पडतो की जुलैत रस्ते वाहून जातात आणि मार्चमध्ये बाया हंडे घेऊन दरीत उतरतात. हे जुनंच आहे, हवामान बदलानं नाही केलं, पाणी अडवायची सोयच नाही. पण पूर्वी पाऊस चार महिने झिरमिर झिरमिर पडायचा, नागली-वरईला तोच लागतो. आता आठ दिवसात सगळं ओतून पंधरा दिवस गायब. नागलीची लावणी करून बसलेला माणूस आभाळाकडं बघत बसतो.

आणि एक टोचणारं. आमच्या पाड्यावर दोन मोटारसायकली आणि घराला एक बल्ब. भारतात माणशी वर्षाला साधारण २ टन कार्बन डायऑक्साईड निघतो, अमेरिकेत १४ च्या आसपास. पाड्यावरचा माणूस त्या २ मध्ये पण बसत नाही. तरी पहिला फटका त्यालाच, आणि त्याची वही पण नसते की पेपरवाले येऊन बघतील.

---

शॉपफ्लोअर_सातपूर
६ नोव्हेंबर, सकाळी ८.१५

मास्तर +१.

आपल्या दारातलं पण बघू. एकलहऱ्याचं औष्णिक केंद्र, २१० मेगावॉटचे तीन संच, सगळं कोळशावर. माझं बालपण नाशिकरोडला त्या चिमण्या बघण्यात गेलं, तेव्हा अभिमान वाटायचा, विजेशिवाय अंबड-सातपूर उभंच राहिलं नसतं. २०२१ ला ग्लासगोमध्ये आपण २०७० पर्यंत नेट झिरो (जेवढा कार्बन सोडू तेवढा परत शोषायचा) म्हणून सांगितलंय, म्हणजे माझा नातू म्हातारा होईपर्यंत.

सौर पंप घेतलाय का कुणी? मेहुण्यानं घेतला, कार्बन वगैरे त्याच्या डोक्यात पण नाही, रात्री दोनला बिबट्याच्या भीतीत मोटार चालू करायला जायला नको म्हणून घेतला. मला वाटतं असंच होईल, माणसं पृथ्वी वाचवायला नाही, झोप वाचवायला बदलतील.

---

सडेतोड_सिन्नर
६ नोव्हेंबर, सकाळी १०.००

बिबट्याचा मुद्दा पटला, बाकी विचार करतो. पण युरोपवाले आता आपल्या द्राक्षावर कार्बन टॅक्स लावणार म्हणे, हा सगळा त्यांचाच डाव आहे.

---

पोंगा_स्टेज
६ नोव्हेंबर, सकाळी १०.४०

तो टॅक्स द्राक्षाला नाही काका. लोखंड-पोलाद, सिमेंट, ॲल्युमिनियम, खतं, वीज, हायड्रोजन यांच्यावर आहे. द्राक्षाला अडवतो तो रेसिड्यू, म्हणजे मालात उरलेला औषधाचा अंश. २०१० ला क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या औषधामुळे युरोपात कंटेनर अडकले होते ते जुन्यांना आठवेल. पाऊस वाढला की फवारणी वाढते, फवारणी वाढली की रेसिड्यूची धास्ती.

आणि कुणी विचारायच्या आधी मीच सांगतो, शेतकरी पण धुतल्या तांदळाचा नाही. जास्तीचा युरिया टाकला की त्यातून नायट्रस ऑक्साईड निघतो, तो कार्बन डायऑक्साईडच्या सुमारे २७० पट तापवतो. कमी युरिया म्हणजे हिरवी वाढ कमी, म्हणजे बाळ्या पण कमी. इथं खिसा आणि हवा एका बाजूला आहेत.

आता धागाकर्त्याचा खरा प्रश्न, जो आपण तीन दिवस विसरलो. प्लास्टिक घ्यायचं का. माझं मत, तुमच्या यंदाच्या दुखण्यावर ते औषधच नाही. कव्हर वाचवतं छाटणीनंतरच्या पावसापासून, डावणी, गळकुज, मणी तडकणं, हलक्या गारा. मे मधल्या आभाळावर कव्हर टाकलं तर आधीच कमी असलेला उजेड अजून कमी. कर्ज काढून चुकीच्या कुलपाची किल्ली आणाल. आधी करायचं ते स्वस्तातलं : काड्यांची गर्दी कमी करा म्हणजे प्रत्येक डोळ्याला ऊन मिळेल, वाढ जोरात असेल तर नत्र आणि पाणी आवरा, सबकेन (काडीचा शेंडा मारून तिथून नवी काडी काढणं) वेळेवर, आणि सप्टेंबरात डोळे तपासा. घड कितव्या डोळ्यात आहे ते कळलं तर तिथं छाटता येतं, घडच नाही कळलं तर छाटणीचा खर्च वाचतो.

खरड छाटणी मार्चच्या शेवटी ओढता आली तर अजून बरं, म्हणजे चाळीसावा दिवस मे च्या पहिल्या आठवड्यात.

---

बाणगंगाकाठ
६ नोव्हेंबर, रात्री ९.५०

मार्चअखेर छाटायची तर माल त्याआधी निघाला पाहिजे आणि एप्रिलभर पाणी पाहिजे. पालखेड कालव्याचं आवर्तन कधी येईल त्यावर सगळं. विहीर एप्रिलमध्ये तळ दाखवते. शेततळं आहे पण त्यातलं निम्मं ऊनच पिऊन टाकतं. विम्याचं विचारलं तर म्हणे मुदत छाटणीनंतरची, मे मधलं नुकसान बसत नाही. आणि नुकसान दिसलं नोव्हेंबरात. आता कुठल्या महिन्याचा पंचनामा करणार.

---

मृगजळ
७ नोव्हेंबर, दुपारी १२.२०

भाऊ, एक विनंती. आप्पांची वही टाईप कराल का? हवामानशास्त्रात ३० वर्षांची सरासरी धरतात, तुमच्याकडे ३८ वर्षं आहेत, एकाच शेतातली, एकाच माणसानं लिहिलेली. एका वहीवरून जगाचं काही सिद्ध होत नाही. पण मे महिन्यात तुमच्या वावरात किती दिवस पाऊस झाला एवढं जरी दरवर्षीचं निघालं तरी खरड छाटणी मागं ओढण्यात किती फायदा ते पोंगा_स्टेज सांगू शकतील.

---

गंमतजंमत
७ नोव्हेंबर, दुपारी १२.२६

वाखू (वाचनखूण) साठवली. मिसळ संपली, दुसरी मागवतो.

---

बाणगंगाकाठ
९ नोव्हेंबर, रात्री १०.१५

सगळ्यांचे आभार. निर्णय सांगतो. पाऊण एकर जुनी बाग तोडतोय, नाहीतरी वीस वर्षांची झाली होती. दोन एकर ठेवतोय, यंदा खर्चाला कात्री. प्लास्टिक नाही. डोळे तपासणार, तीनशे रुपयांवरून घरात बायकोनं जे ऐकवलंय ते इथं लिहीत नाही.

वही टाईप करायला बसलो. आप्पा वाचून दाखवतात, मी मोबाईलमध्ये टाकतो. १९८७ ते १९९५ झालं. त्यात मे मध्ये पाऊस "वळीव, अर्धा तास" असा एखाद-दोन दिवसच आहे, १९९० चं तेवढं वेगळं, त्या वर्षी सात दिवस. आप्पा लगेच म्हणे, बघ, तेव्हा पण होतंच की. म्हटलं पुढचं होऊ द्या मग बोलू.

---

सडेतोड_सिन्नर
९ नोव्हेंबर, रात्री १०.४०

आप्पांना माझा नमस्कार सांगा. आणि पुढची पानं टाका, मला पण बघायचंय.

---

बाणगंगाकाठ
९ नोव्हेंबर, रात्री ११.०२

टाकतो काका. २००३ चं पान उंदरानं खाल्लंय, आप्पा म्हणताय तोंडी सांगतो पण मी घेत नाही, तेवढं वर्ष कोरं सोडतो.